वैवाहिक व्हिसा, अमेरिकेतील
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नागरिकाने परदेशात विवाह केल्यास, परकीय जोडीदारास त्या देशात कायम वास्तव्यासाठी देण्यात येणारा प्रवेश-परवाना. विवाहामुळे प्रवेशाचा हक्क आपोआप प्राप्त होतो, हा समज निराधार आहे. प्रथम नागरिक जोडीदाराने आय-१३० या प्रपत्रावर अर्ज करावयाचा असतो. जेथे विवाह झाला तेथील कायद्याने तो वैध असल्यास सामान्यतः ग्राह्य धरतात. तथापि तो केवळ प्रवेशासाठी केलेला नाही, हे दांपत्यासच सिद्ध करावे लागते. पत्रव्यवहार, एकत्र वास्तव्य, सामाईक बँक खाते इ. पुरावे त्यासाठी पाहतात. महाराष्ट्रातील दांपत्ये लग्नपत्रिका व छायाचित्रे जोडतात. ती पूरक होत, नोंदणी-दाखल्याची जागा घेऊ शकत नाहीत. भारतातील अर्जदारांच्या मुलाखती मुख्यतः मुंबई येथील वाणिज्य दूतावासात होतात.

प्रवेशसमयी विवाहास दोन वर्षे झालेली नसल्यास १९८६ च्या कायद्यान्वये दोन वर्षांचे सशर्त वास्तव्य मिळते. ही मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत उभयतांनी संयुक्त अर्ज करावा लागतो. बनावट विवाहांना आळा घालणाऱ्या या तरतुदीने परकीय पत्नीचे वास्तव्य मात्र पतीच्या सहीवर अवलंबून राहिले. १९९० च्या कायद्याने छळ झालेल्या जोडीदारास संयुक्त अर्जातून सूट मिळण्याची सोय केली. नागरिकाच्या परकीय जोडीदारास प्रवेश मिळणे हा त्या नागरिकाचा मूलभूत घटनात्मक हक्क नव्हे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. त्यामुळे वाणिज्य अधिकाऱ्याच्या नकाराविरुद्ध न्यायालयात दाद मिळणे अधिकच दुर्घट झाले आहे.