फी माफ झाल्यावर

बेंगळुरूच्या सेंट मार्क्स रोड, रेसिडेन्सी रोड, म्युझियम रोड या भागात सकाळी शाळा भरायच्या वेळी वाहतूक जागची हलत नाही. बिशप कॉटन, सेंट जोसेफ्स, सेक्रेड हार्ट या दीडशेहून अधिक वर्षांच्या शाळा इथे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मुलांना सोडायला आलेल्या मोटारी, दप्तरं सांभाळणारे ड्रायव्हर, नीट इस्त्री केलेले गणवेश. पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या मनात ‘कॉन्व्हेंट’ म्हटलं की हेच चित्र उभं राहतं. पण याच शहरात, चर्चच्याच अखत्यारीत, दुसऱ्याही शाळा आहेत. कन्नड किंवा तमीळ माध्यमाच्या, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या, दुपारी ताटं घेऊन मुलं रांगेत बसतात अशा. त्या शाळांविषयी फारसं कुणी लिहीत नाही, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

ही फाटाफूट आजची नाही. इंग्रजांचं लष्करी ठाणं इथे १८०९ मध्ये वसलं आणि त्याच्यामागोमाग मिशनरी आले. गुड शेफर्ड जोगिणींनी १८५४ मध्ये मुलींची शाळा काढली, पॅरिसच्या फ्रेंच मिशनने १८५८ मध्ये सेंट जोसेफ्स उभं केलं, १८६५ मध्ये रेव्हरंड सॅम्युअल पेटिग्रू यांनी बिशप कॉटन शाळा सुरू केली. ज्यांचं नाव या शाळेला आहे ते जॉर्ज कॉटन कलकत्त्याचे बिशप होते. १८५७ नंतर त्यांना एका गोष्टीची काळजी लागली होती. हिंदुस्थानातल्या ज्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन आईबापांना मुलांना शिक्षणासाठी विलायतेला धाडणं परवडत नाही, त्यांच्या मुलांचं काय? आज जिथे प्रवेश मिळवायला श्रीमंतांची धडपड चालते, त्या शाळांच्या मुळाशी न परवडणाऱ्यांचीच चिंता होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. फक्त त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या लेखी ‘आपला गरीब’ वेगळा होता. छावणीत पाणी भरणाऱ्या, घोडे राखणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या तमीळ आणि कन्नड माणसांच्या मुलांसाठी देशी भाषेतल्या मिशन शाळा निघाल्या. वेस्लियन मिशनची गुडविल्स ही मुलींची शाळा १८५५ची. एका धर्मसंस्थेची दोन फाटकं तेव्हा पडली ती पडलीच.

दुसऱ्या फाटकावरची गर्दी १८७६-७८च्या दुष्काळाने एकदम वाढवली. म्हैसूर संस्थानाची जवळजवळ पाचवा हिस्सा लोकसंख्या त्या दुष्काळात गेली. आईबाप गेलेली पोरं रस्त्यावर आली. कॅथलिक मिशनने नेलमंगलजवळ जमीन घेऊन अशा अनाथांसाठी शेतीवर चालणारी वस्ती उभी केली. सिलुवेपुरा हे गाव त्यातूनच वसलं. अशा मुलाला नुसती पाटी-पेन्सिल देऊन भागत नाही. त्याला आधी जेवण लागतं, मग झोपायला जागा, मग हाताला काम, आणि या सगळ्याच्या मधल्या वेळात अक्षरं.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी नेमकं हेच केलं. त्यांचा जन्म १८५८चा, तोही कर्नाटकातल्या गंगामुळच्या रानातला. १८७४ मध्ये उपासमारीच्या दिवसांत त्यांचे आईवडील गेले. भूक त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या आणि शेकडो मुली-बायांना केडगावला घेऊन आल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये लिहिण्यावाचण्याबरोबर विणकाम, शेती, दुभती जनावरं, तेलाचा घाणा, छापखाना असं सगळं होतं. त्यांच्या धर्मांतराविषयी आणि आश्रमातल्या धर्मशिक्षणाविषयी पुण्यात जो वाद पेटला तो खरा होता, आणि ख्रिस्ती शाळा गरिबांच्या मुलांना हात देते तेव्हा तो प्रश्न आजही विचारला जातो. तो विचारलाच पाहिजे. ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही, त्याच्या गरजेचा फायदा कुणी घेऊ नये. पण मुक्तीतल्या मुलीला अक्षर आणि हुन्नर दोन्ही मिळाले, हेही त्याच हिशेबात मांडावं लागतं.

मुंबईहून बेंगळुरूला जाणारी उद्यान एक्स्प्रेस केडगाववरूनच जाते. पुढे सोलापूर, कलबुर्गी, रायचूर करत ती क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्टेशनात शिरते. मॅजेस्टिक बस स्टँड समोरच. या स्टेशनात घरातून पळून आलेली मुलं उतरत आली आहेत. कुणी बापाच्या माराला कंटाळून, कुणी सिनेमातलं शहर बघायला, कुणी नुसतं पोट भरायला.

डॉन बॉस्कोच्या सलेशियन संघाने १९८० मध्ये जे काम सुरू केलं ते या मुलांपासून. कृष्णराजपुरमच्या क्रिस्तु ज्योती कॉलेजात धर्मशास्त्र शिकणारे तरुण ब्रदर अभ्यासातून सवड काढून रस्त्यावरच्या मुलांमध्ये जाऊन बसू लागले. त्यातून ‘बॉस्को’ ही संस्था उभी राहिली. ज्यांचं नाव या कामाला आहे त्या डॉन बॉस्को या धर्मगुरूंनीही १८४१ पासून इटलीतल्या तुरीन शहरात हेच केलं होतं. खेड्यातून मजुरीला आलेल्या पोरांना रविवारी जमवायचं, खेळवायचं, आणि मग हळूहळू शिकवायचं. बेंगळुरूच्या ब्रदरांनी मुलाला उचलून वर्गात बसवलं नाही. कचरा वेचणाऱ्या मुलाला त्या दिवसाच्या कमाईची फिकीर असते. त्याला ‘शाळेत चल’ म्हणणं म्हणजे ‘आज उपाशी राहा’ म्हणणं. म्हणून आधी ओळख, मग अंघोळीला पाणी आणि रात्री निवारा, मग पैसे सुरक्षित ठेवायला जागा. घरी परत जाण्यासारखं असेल तर घरचा पत्ता शोधणं. आणि त्यानंतर ब्रिज कोर्स.

हा ब्रिज कोर्स जवळून पाहण्यासारखा असतो. अकरा वर्षांचा मुलगा वयाने सहावीचा असतो, अक्षरओळखीने पहिलीचा. त्याला पहिलीत सहा वर्षांच्या पोरांमध्ये बसवलं तर तो लाजेने आठवड्यात पळतो. थेट सहावीत घातलं तर काही न कळल्यामुळे पळतो. त्याला रुपये मोजता येतात, भंगाराचा भाव तोंडपाठ असतो, बसचे नंबर ओळखता येतात. चांगली बाई तिथूनच गणित सुरू करते. वजाबाकीचं चिन्ह त्याला ठाऊक नसतं, पण शंभराच्या नोटेतून पस्तीस दिल्यावर किती परत यायला हवेत हे तो तुमच्याआधी सांगतो. वर्षभर असं शिकवून त्याला वयाच्या वर्गाजवळ आणायचं आणि मग नेहमीच्या शाळेत घालायचं. यातला सगळ्यात अवघड महिना शाळेत घातल्यानंतरचा पहिला.

आता कायद्याने या कामाची चौकट बदलली आहे. २०१५च्या बालन्याय कायद्यानुसार असं मूल सापडल्यावर चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं आणि मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी हे हवंच होतं. मात्र मुलाच्या कलाने घेत, त्याचा विश्वास बसेपर्यंत थांबायची जी जुनी रीत होती, तिला त्यामुळे जागा कमी उरली.

रस्त्यावरच्या मुलांइतकाच मोठा, पण कमी दिसणारा प्रश्न आहे तो बांधकामावरच्या मुलांचा. यादगीर, रायचूर, कलबुर्गीकडची कुटुंबं बेंगळुरूच्या इमारती बांधतात आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. इमारत पुरी झाली की शेड हलते, आणि मुलाची शाळा सुटते. पेरणीला, सणाला, जत्रेला घर गावी जातं. परतायला दहा दिवस लागतात की दोन महिने, हे सांगता येत नाही. अशा मुलाची फी शाळेने माफ केली, तरी त्याच्यापुढे काय काय उभं असतं ते बघा. आधीच्या शाळेचा दाखला नाही. विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या ऑनलाइन यादीत नाव जुन्याच शाळेत अडकलेलं. उत्पन्नाचा दाखला काढायला नाडकचेरीत, म्हणजे महसूल कार्यालयात, जायचं तर बापाचा एक रोज बुडतो. शेडमध्ये संध्याकाळी अभ्यासाला उजेड नाही. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड आहे, आणि त्याला सांभाळायला कुणी नसेल तर तिचीच शाळा सुटते. यातलं एकही कलम फीच्या पावतीत येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की फी माफ करणं ही शाळेने करायच्या मदतीतली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. शाळा सुटल्यावर तासदोन तास चालणारा अभ्यासवर्ग, त्याआधी हातावर ठेवलेली मूठभर उसळ, चार दिवस मूल आलं नाही तर वस्तीवर जाऊन चौकशी करणारी सिस्टर, आईबाप सहामाहीपर्यंत गावी राहणार असतील तर मुलासाठी हॉस्टेलमधली एक खाट: मूल टिकतं ते यांच्यामुळे. जोगिणींच्या संस्थांपाशी इथे एक बळ आहे जे इतरांकडे क्वचित असतं. त्या शाळेच्या आवारातच राहतात. त्यांचा दिवस साडेतीनच्या घंटेला संपत नाही.

इंग्रजी माध्यमाच्या मोठ्या ख्रिस्ती शाळांचं काय? इथे कायदा सांगितला पाहिजे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांना पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखायला लावल्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलं, आणि ६ मे २०१४च्या प्रमती खटल्यात अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही. त्याच दिवशी त्याच पाच न्यायमूर्तींनी कर्नाटकाची प्राथमिक शिक्षणातली मातृभाषेची सक्तीही रद्द केली. बेंगळुरूच्या शाळांचा पुढचा नकाशा त्या एका दिवसात पुष्कळसा ठरला. मग २०१९ मध्ये कर्नाटक सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेतला या कायद्याखालचा प्रवेश बंद केला. महाराष्ट्राने २०२४ मध्ये हाच मार्ग धरला होता, पण मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१च्या अहवालात देशभरच्या अल्पसंख्याक शाळांविषयी एक आकडा आहे: त्यांतले केवळ ८.७६ टक्के विद्यार्थी सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास घरांतले. ख्रिस्ती शाळांतले ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तेतर असल्याचंही तो अहवाल सांगतो. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवायचा घटनेच्या तिसाव्या कलमाने दिलेला हक्क मला मोलाचा वाटतो आणि तो टिकावा असंच मी म्हणेन. पण सूट मिळाली म्हणून फाटक लावून घ्यायचं, याला त्या हक्कात आधार नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि मनमोहन यांच्या पीठाने प्रमतीच्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं.

न्यायालयाने सांगण्याची वाट न पाहता फाटक उघडता येतं, हे कलकत्त्यातल्या सियालदहच्या लोरेटो शाळेने दाखवलं. १९७९ मध्ये तिथे मुख्याध्यापिका झालेल्या सिस्टर सिरिल मूनी यांनी फी न भरणाऱ्या मुलींची संख्या वाढवत जवळजवळ निम्म्यावर नेली. १९८५ पासून रस्त्यावरच्या मुलांना त्यांनी शाळेच्या गच्चीवर जागा दिली. ती मुलं जमेल तेव्हा येत, आणि पाचवीच्या पुढच्या मुली पाळीपाळीने एकेका मुलाला शिकवत. फी भरणाऱ्या आईबापांनी शाळा सोडली नाही. बेंगळुरूच्या मोठ्या शाळांच्या आवारात संध्याकाळी वर्ग रिकामे असतात, दिवे असतात, पाणी असतं.

पैशाचा प्रश्न मात्र अलीकडे कठीण झाला. अनेक चर्चच्या शाळा आणि हॉस्टेलं परदेशी प्रायोजकांवर उभी होती: तिकडचं एक कुटुंब दरमहा इथल्या एका मुलाचा खर्च उचलायचं. कम्पॅशन इंटरनॅशनल ही अमेरिकी संस्था भारतात सुमारे १ लाख ४५ हजार मुलांना अशी मदत करत होती. परवानगीच्या वादात मार्च २०१७ मध्ये तिला काम थांबवावं लागलं. परदेशी देणगी नियमन कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने अशी देणगी एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठी संस्था पैसे मिळवते आणि गल्लीतल्या छोट्या शाळेला देते, ही साखळीच तुटली.

बेंगळुरूत कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी आहे, आणि मोठ्या शाळांचे माजी विद्यार्थी त्याच कंपन्यांत वरच्या खुर्च्यांवर आहेत. कंपन्यांना संगणक कक्ष द्यायला आवडतो, कारण त्याला पाटी लावता येते. हॉस्टेलच्या वॉर्डनचा पगार, संध्याकाळच्या उसळीचा किराणा, वस्तीवर जाणाऱ्या शिक्षिकेचं बसभाडं यांना पाटी लागत नाही. एखाद्या अनुदानित शाळेतल्या साठ मुलांच्या अशा वर्षभराच्या खर्चाची जबाबदारी शेजारच्या मोठ्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी घेतली, तर येत्या जूनपासून ते होऊ शकतं, आणि त्यासाठी कुठल्या नव्या परवानगीचीही गरज नाही.