मुंबई–पुणे : नकाशावरचे अंतर आणि घाटातला वेळ

मुंबईच्या विमानतळापासून पुण्याच्या लोहगावापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे 124 किलोमीटर भरते, आणि राजमाचीच्या श्रीवर्धन व मनरंजन या जोड बालेकिल्ल्यांच्या आसपास सह्याद्रीचा कडा ओलांडून वडगाव मावळच्या बाजूने पुढे जाते. लोहमार्गाने मात्र बोरीबंदर ते पुणे हे अंतर 192 किलोमीटर आहे. कारण आगगाडीला आधी ईशान्येस कल्याणपर्यंत जाऊन मग दक्षिणेकडे कर्जतला वळावे लागते, आणि तेथून बोरघाटाची चढण सुरू होते.

या दोन शहरांमधले खरे अंतर ठरविले आहे ते या घाटाने. नोव्हेंबर 1778 मध्ये मुंबईहून पुण्यावर चालून निघालेली इंग्रजांची फौज, तोफा व रसद ओढीत, तळेगावास पोहोचली ती जानेवारी 1779 मध्ये, आणि तेथून माघार घेताना वडगावास मराठ्यांशी तह करून तिला आपली सुटका करून घ्यावी लागली. पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत, 1830 मध्ये, घाटातून गाडीरस्ता खुला झाला. 1858 मध्ये खंडाळा ते पुणे आगगाडी धावू लागली, तरी घाटाचा टप्पा तयार नसल्यामुळे उतारूंना तेवढी वाट पालखीतून किंवा तट्टावरून काटावी लागे; 1863 मध्ये तो टप्पा पुरा झाला तेव्हाच हा प्रवास सलग झाला. त्या चढणीचे मान 37 फुटांस एक फूट इतके तीव्र असल्यामुळे आजही कर्जतला गाडीच्या पाठीमागे जादा इंजिने जोडतात, रेल्वेची माणसे त्यांना ‘बँकर’ म्हणतात, आणि ती लोणावळ्यापर्यंत गाडी रेटीत आणतात.

विमानाला घाट नाही, हे खरे. पण इतक्या थोड्या अंतरात त्याच्या वेगाला वावच मिळत नाही. नेहमीच्या तीन अंशांच्या उताराने दहा हजार फूट खाली येण्यास सुमारे 58 किलोमीटर लागतात, म्हणजे जवळजवळ निम्मी वाट उतरण्यातच सरते, आणि उरलेली बहुतेक चढण्यात. त्यात धावपट्टीपर्यंत संथपणे सरकणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, आणि लोहगाव हा वायुदलाचा तळ असल्यामुळे तेथील शिस्त सांभाळणे आलेच. म्हणून आकाशातील प्रवास अर्ध्या तासाचा असला, तरी वेळापत्रकात तासाभराची तजवीज ठेवावी लागते. तपासणीसाठी आधी हजर राहण्याचा आणि दोन्ही टोकांना शहरातून ये-जा करण्याचा वेळ त्याहून निराळा.

तेव्हा घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या उंबरठ्यापर्यंतचा हिशेब मांडला, तर परदेशाहून येऊन मुंबईस विमान बदलणाऱ्या उतारूलाच ही सेवा खरोखर उपयोगी आहे. इतरांनी, आणि लोणावळा-तळेगावकरांनी तर निश्चितच, आगगाडीचा किंवा 2002 मध्ये पुऱ्या झालेल्या द्रुतगती मार्गाचाच आश्रय करावा. मात्र रेल्वेच्या कारभाऱ्यांनीही एका गोष्टीचा विचार करावा : 1 जून 1930 रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन तेव्हा पावणेतीन तासांत पुणे गाठीत असे, आणि आज तिला तीन तासांहून अधिक लागतात.