घरबसल्या पदवी : शिक्षकांची आणि ग्रंथपालांची

शिक्षक आणि ग्रंथालयातील नोकर हे दोघेही पुस्तकांत वावरणारे; म्हणून दोघांनाही घरबसल्या, ऑनलाइन पदवी सारखीच लागू पडेल असा समज आहे. कायद्याने मात्र दोघांना एका मापाने मोजलेले नाही. ते न समजता फी भरणारा पुढे पस्तावतो.

ग्रंथपालाचे प्रकरण त्यातल्या त्यात सोपे. कोणतीही पदवी घेतल्यावर एक वर्षाची ग्रंथालयशास्त्राची पदवी. ती इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून दुरूनही घेता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेली दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. अडते ते हाताच्या कामाशी. सहकारी साखर कारखान्यावरचे पुस्तक अर्थशास्त्रात घालावे, शेतीत की कारखानदारीत, हे पडद्याकडे पाहून येत नाही. शंभर पुस्तके हाताखालून जावी लागतात. आमचे सारे शिक्षण कामगारांच्या वाचनालयात झाले, तेव्हा चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक म्हणजे हरवलेले पुस्तक, हे आम्ही जाणतो.

शिक्षकाची गोष्ट निराळी. पदवीधर होऊन थेट ऑनलाइन बी.एड. करीन म्हटले तर ते चालत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी दूरस्थ बी.एड. ठेवले ते नोकरीतील प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी, किंवा शिक्षकाचा एखादा मान्य अभ्यासक्रम आधी समोरासमोर पुरा केलेल्यांसाठी.

याहून मोठा धडा एका पदविकेने दिला. शिक्षणहक्क कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली आणि नोकरीतील अप्रशिक्षित शिक्षकांना 31 मार्च 2019 पर्यंत प्रशिक्षण पुरे करण्याची मुदत मिळाली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने 18 महिन्यांची पदविका काढली. धडे ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावर, जोडीला अभ्यासकेंद्रावरचे वर्ग. देशभरातील 13 लाखांहून अधिक शिक्षकांनी नावे घातली. दिवसा शाळा, रात्री मोबाइलवर धडा! पदविका हाती आली आणि प्रश्न निघाला की ही दोन वर्षांच्या पदविकेबरोबर बसते काय? 2023 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले. 2024 च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाने खुलासा केला की, 10 ऑगस्ट 2017 रोजी नोकरीत असलेल्या आणि 1 एप्रिल 2019 पूर्वी अभ्यासक्रम पुरा केलेल्यांची पदविका वैध धरावी. मधले वर्ष त्या माणसांनी कसे काढले असेल? सरकारने मुदत घातली, सरकारी संस्थेने शिकविले, आणि कागदाची किंमत मात्र शिक्षकाने कोर्टातून मिळवायची, हा व्यवहार आम्हांस न्यायाचा वाटत नाही.

तेव्हा फी भरण्यापूर्वी विद्यापीठाचे नाव मोठे आहे की लहान, हे विचारू नका. ज्या जागेसाठी शिकावयाचे, तिच्या भरतीनियमांत हा अभ्यासक्रम, ही मुदत आणि ही पद्धत बसते काय, हे नेमणूक करणाऱ्याकडून लेखी घ्या. जाहिरातीवरचा ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द पुरेसा नाही. मान्यता कोणाची, आणि कोणत्या वर्षासाठी, तेही पाहा.

आणि नोकरी टिकविण्यासाठी शिकणे सक्तीचे असेल, तर फी मालकाने भरावी आणि प्रात्यक्षिकाचे दिवस पगारी धरावे, एवढी मागणी संघटनेने आजच लावून धरावी. बढतीची बोलणी त्यानंतर.