नळी ठिबकची, उडी सातासमुद्रापार!

माहीत आहे का? शेलूबाजारच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढलेला ट्रक थेट मुंबईची वाट धरतो. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला. रस्ता सुपरफास्ट, तरी एक माल मात्र लांब न्यायला परवडत नाही. आपल्या बागेतली ठिबकची नळी!

16 मिलिमीटर लॅटरलचं बंडल उचलून बघा. आकार ऐसपैस, वजन किरकोळ आणि आत नुसती हवा. ट्रक गच्च भरतो, काटा मात्र जेमतेम हलतो. हीच नळी जहाजाने पाठवली तर चक्क हवेचं भाडं भरायचं! म्हणून ठिबकवाले कारखानाच गिऱ्हाइकाच्या देशात नेतात.

जळगावच्या भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये 7,000 रुपयांच्या भांडवलावर रॉकेलविक्री सुरू केली. पुढे त्यांच्याच ठिबक बनवणाऱ्या जैन इरिगेशनने 2006 मध्ये अमेरिकेतली चॅपिन कंपनी घेतली. चॅपिनची खासियत? पातळ ड्रिप टेप. पाणी सोडलं की फुगते, एरवी रिळावर चपटी. हवेची हवाच गुल!

पुढचा मुक्काम थेट ठिबकच्या माहेरी, इस्रायलला! 2007 मध्ये तिथल्या नानदानमध्ये निम्मा हिस्सा, 2012 मध्ये पूर्ण कंपनी. नवा कारखाना बांधण्यात वर्षं जातात. चालता घेतला की तंत्रज्ञ, डीलर आणि जुनी गिऱ्हाइकं एका सहीत पदरात!

पण परदेशवारीला पैसा लागतो, कर्जही चढतं. 2023 मध्ये जैनने परदेशातला सिंचन व्यवसाय इस्रायलच्या रिव्हुलिस कंपनीत विलीन केला, थोडा हिस्सा राखला आणि कर्जाचं ओझं हलकं केलं. कंपनी विकत घेण्याइतकंच हेही धाडसाचं काम!

गाड्यांचे सुटे भाग घडवणाऱ्या पुण्याच्या भारत फोर्जचं गणित निराळं. 2004 मध्ये तिने जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाऊस ही कंपनी घेतली. गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग देणारा हाकेच्या अंतरावर हवा असतो. एकच भाग दोन देशांत बनवायची तयारी असली की एकीकडे काम अडलं तरी दुसरीकडची भट्टी पेटलेलीच!

आणि उलटी गंगा माहीत आहे का? बजाजने 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला. मग केटीएमच्या छोट्या ड्यूक बाईक चाकणला बनू लागल्या आणि इथून निघाल्या थेट युरोपला. बॅज ऑस्ट्रियाचा, बांधणी चाकणची!