फुकटचा नंबर, पण कोणाला फुकट?

मागच्या मे महिन्यात फुफी बर्मिंगहॅमहून गावी आली होती. एक दिवस दुपारची जेवणे उरकल्यावर अम्मी बँकेला फोन लावून बसली. तिचे एटीएम कार्ड मशीनमध्ये अडकले होते. फोन कानाला, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि पलीकडून तेच ते संगीत. आम्ही म्हटले, "अम्मी, राहू दे, उद्या शाखेतच जाऊन येऊ." ती म्हणाली, "असू दे, फुकटचा नंबर आहे. लागेल तेव्हा लागेल."

फुफी ओले हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने एकच विचारले, "भाभी, नंबर कशाने सुरू होतो?"

आम्हांला हसू आले. नंबर कशाने सुरू होतो याची चौकशी कोणी करते का? पण फुफी हसली नाही. तिने कार्डाबरोबर आलेला कागद मागितला, चष्मा लावला आणि नंबराखालची बारीक अक्षरे मोठ्याने वाचली. नंबर १८६० ने सुरू होत होता आणि खाली लिहिले होते, स्थानिक कॉलचे दर लागू. "हा फुकटचा नाही, भाभी. ठेवा आधी," असे म्हणून तिने त्याच कागदावरचा दुसरा, १८०० ने सुरू होणारा नंबर दाखवला.

संध्याकाळी चहाच्या वेळी आम्ही तिला विचारले, ही सवय कुठून लागली? मग तिने जे सांगितले ते ऐकून आमचे हसू मावळले.

गोष्ट २०११ च्या डिसेंबरातली. फुफीच्या घरात तेव्हा चावी टाकून चालणारा विजेचा मीटर होता. दुकानात जाऊन चावीत पैसे भरायचे आणि ती मीटरला लावायची, तेवढ्या पैशांची वीज मिळते. भाड्याने राहणाऱ्या गरीब घरांत तिकडे असे मीटर पुष्कळ. त्या रात्री तिने पैसे भरून चावी आणली, पण मीटर ती घेईना. दिवे गेले, खोली तापवणारा हीटर बंद पडला. फुफा रात्रपाळीला गेलेले. दोन वर्षांच्या मुलीच्या अंगात ताप.

मीटरवर वीज कंपनीचा नंबर चिकटवलेला होता. ०८०० ने सुरू होणारा, आणि शेजारी ठळक अक्षरांत लिहिलेले, मोफत. घरात तारेचा फोन नव्हता. फुफीने मोबाइलवरून तो लावला. सुरुवातीला एक ध्वनिमुद्रित सूचना वाजली. ती इंग्रजीत भराभर बोलली गेली आणि नव्याने गेलेल्या फुफीला त्यातले फारसे कळले नाही. मग संगीत सुरू झाले. मोबाइलमध्ये पाच पौंड होते. मिनिटाला चाळीस पेन्स या दराने पाच पौंड साडेबारा मिनिटांत संपतात. फुफीचेही तसेच संपले. पलीकडे माणूस आला, "हॅलो" म्हणाला आणि फोन तुटला.

"मला वाटले, फोन बिघडला," फुफी म्हणाली. "मोफत म्हणून लिहिलेल्या नंबराने माझे पैसे खाल्ले, हे मला दुसऱ्या दिवशी कळले."

हा प्रकार फुफीच्या एकटीच्या नशिबाचा नव्हता. ब्रिटनमध्ये ती त्या काळची रीतच होती. ती कशी पडली आणि कशी मोडली, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण आपल्याकडच्या "टोल-फ्री" नंबरांचे गणितही तेच आहे.

मोफत नंबराची कल्पना साधी आहे. फोन करणाऱ्याने पैसे द्यायचे नाहीत, ज्याला फोन येतो त्याने द्यायचे. अमेरिकेत १९६७ साली ८०० ने सुरू होणारे असे नंबर आले. ब्रिटनमध्ये १९८५ साली ०८०० सुरू झाले. तेव्हा फोन म्हणजे घरातला किंवा रस्त्यावरच्या लाल खोक्यातला, तारेचा फोन. तारेवरून कॉल पोचवण्याचा खर्च थोडा. तो कंपनी किंवा सरकारी खाते आनंदाने भरत असे, कारण ग्राहक बिनदिक्कत फोन करी.

मग मोबाइल आले. मोबाइलवरून कॉल पोचवायला जास्त खर्च येतो, असे मोबाइल कंपन्यांचे म्हणणे. तो जादा खर्च फोन घेणाऱ्याने द्यावा की नाही, यावर त्यांचे एकमत होईना. दोघांच्या वादात बिल गेले तिसऱ्याकडे, म्हणजे फोन करणाऱ्याकडे. नियमात त्यासाठी वाट होती. ०८०० नंबर फोन करणाऱ्याला मोफत असावा, मात्र कॉलच्या सुरुवातीलाच शुल्काची सूचना दिली असेल तर शुल्क घेता येईल, अशी ती सवलत. फुफीला जी भराभर सूचना ऐकू आली ती हीच. मोबाइलवरून या नंबरांना साधारणपणे मिनिटाला १४ ते ४० पेन्स पडत. ज्या घरात तारेचा फोन होता, त्याला मात्र तोच नंबर खरोखर मोफत.

इथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. मालात दोष असेल तर तो गिऱ्हाइकाला आधी सांगावा, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. त्या हिशेबाने मोबाइल कंपन्यांनी दोष सांगितलाच होता, मग चूक कुठली? चूक अशी की, सांगून झाल्यावर गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात जायची सोय असावी लागते. अंधाऱ्या खोलीत तापलेले मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला ती सोय नव्हती. सूचना ऐकून फोन ठेवला तर वीज नाही, आणि धरून ठेवला तर पैसे नाहीत.

आणि तारेचा फोन नसतो कोणाकडे? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे, वर्षाला घर बदलणाऱ्याकडे, नव्याने देशात आलेल्याकडे, मासिक बिल परवडत नाही म्हणून थोडे थोडे पैसे भरून मोबाइल वापरणाऱ्याकडे. म्हणजे ज्याला मदतीच्या नंबराची गरज सर्वांत जास्त, त्यालाच तो नंबर सर्वांत महाग. ब्रिटनमध्ये बेकारी भत्ता, निवृत्तिवेतन, अडचणीच्या वेळचे कर्ज यांसाठी सरकारी खात्याला फोन करायचे नंबरही ०८०० चेच होते. खिशात पैसे नाहीत म्हणून फोन करायचा आणि फोन करायला पैसे हवेत, असा तो पेच.

यावर लोकांना सल्ला देणाऱ्या संस्थांनी आवाज उठवला. सुधारणा एकदम झाली नाही, तुकड्यातुकड्यांनी झाली. संकटातल्या माणसांसाठी चालणाऱ्या सेवाभावी हेल्पलाइन्सना ०८०८ ८० ने सुरू होणारे खास नंबर मिळाले आणि त्यांचे पैसे न घेण्याचे मोबाइल कंपन्यांनी मान्य केले. २००७ साली ०३ ने सुरू होणारे नंबर आले. त्यांना साध्या घरगुती नंबराइतकाच दर पडतो आणि महिन्याच्या मोफत मिनिटांत ते धरले जातात. म्हणून पुष्कळ कचेऱ्या पत्रकावर दोन नंबर छापू लागल्या, तारेच्या फोनसाठी ०८०० आणि मोबाइलसाठी ०३. जानेवारी २०१० मध्ये तिथल्या काम आणि निवृत्तिवेतन खात्याने मोठ्या मोबाइल कंपन्यांशी बोलणी करून आपल्या ०८०० नंबरांपुरती सूट मिळवली. बाकीचे ०८०० नंबर, फुफीच्या मीटरवरच्या नंबरासारखे, तसेच राहिले.

शेवटी डिसेंबर २०१३ मध्ये ऑफकॉम या तिथल्या दूरसंचार नियामकाने निर्णय दिला आणि १ जुलै २०१५ पासून तो लागू झाला. त्या दिवसापासून ०८०० आणि ०८०८ चे नंबर मोबाइलवरूनही पूर्ण मोफत झाले. कॉल पोचवण्याचा खर्च फोन घेणाऱ्यानेच द्यायचा, मग फोन तारेचा असो की मोबाइल. मोफत या शब्दाचा अर्थ पुन्हा मोफत झाला. पण ०८४ आणि ०८७ ने सुरू होणाऱ्या नंबरांना आजही दोन आकार लागतात, एक आपल्या फोन कंपनीचा आणि दुसरा ज्याला फोन केला त्याचा. दिसायला सगळे भाऊ, स्वभाव मात्र वेगळे. म्हणूनच फुफी आधी विचारते, नंबर कशाने सुरू होतो?

आता आपल्या घरी येऊ. भारतात १८०० ने सुरू होणारा नंबर टोल-फ्री. मोबाइलवरूनही त्याचे पैसे लागत नाहीत. आपल्याकडेही हे सुरुवातीपासून सुरळीत नव्हते. एका कंपनीच्या जाळ्यातला १८०० नंबर दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून लागतच नसे. २००६ साली ट्रायने यासाठी नियम केले. १८६० ने सुरू होणारा नंबर मात्र टोल-फ्री नव्हे. देशात कुठूनही एकच नंबर, एवढीच त्याची सोय. स्थानिक कॉलचा आकार फोन करणाऱ्याला पडतो. आपल्या रिचार्जमध्ये हे नंबर धरलेले आहेत की नाहीत, हे ज्याने त्याने आपल्या कंपनीला विचारून घ्यावे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या साध्या फोनवर लहानसे रिचार्ज असते. अर्धा तास संगीत ऐकण्याचा भुर्दंड त्यांनाच पडतो.

याशिवाय काही लहान नंबर प्रत्येक घरात ठाऊक असायला हवेत. कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, संकटातल्या मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५ आणि ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर तत्काळ १९३०.

सर्वांत जास्त गाफील राहतात ती परदेशातली आपली माणसे. कोकणातल्या कित्येक घरांतला एक तरी मुलगा कुवेत, दुबई नाहीतर जेद्दाहला असतो. गावच्या बँकेचे कार्ड त्याच्या पाकिटात असते आणि कार्डाच्या पाठीवर १८०० चा नंबर असतो. पण टोल-फ्री नंबर देशाच्या हद्दीतच टोल-फ्री. परदेशातून तो बहुधा लागत नाही, आणि लागलाच तर परदेशी कॉलचा दर पडतो. म्हणून पुष्कळ बँका परदेशातून करण्यासाठी +९१ ने सुरू होणारा वेगळा नंबर देतात. तो फुकटचा नसतो, पण लागतो. कार्ड हरवलेल्या माणसाला लागणारा नंबर हवा असतो.

इथे वेळेला किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना, तिसऱ्याच कोणाच्या लबाडीने खात्यातून पैसे गेले आणि बँकेने कळवल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने तक्रार नोंदवली, तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. उशीर झाला की त्यातला वाटा त्याच्यावर येऊ लागतो. परदेशात बसून न लागणारा नंबर फिरवत दोन दिवस घालवणे त्यामुळे महाग पडू शकते. हज-उमऱ्याला निघणाऱ्यांनीही सामान बांधतानाच हा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून घ्यावा. फोनच हरवला तर फोनमधला नंबर काय कामाचा?

एक सावधगिरी आणखी. नंबर शोधताना इंटरनेटवर पहिला दिसेल तो लावू नये. ग्राहक सेवेच्या नावाने लबाडांनी आपले मोबाइल नंबर टाकून ठेवलेले असतात. नंबर कार्डाच्या पाठीवरून, पासबुकावरून किंवा बिलावरून घ्यावा. आणि समोरचा ओटीपी किंवा पिन मागू लागला, तर तो फोन कितीही मोफत असो, तिथेच ठेवावा.

फुफी परत जाण्याआधी आम्ही सगळ्यांनी मिळून एक काम केले. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर बँक, गॅस, वीज यांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहिले. जे खरोखर मोफत त्यांच्यापुढे हिरवी खूण, ज्यांना पैसे पडतात त्यांच्यापुढे लाल. जेद्दाहच्या आमच्या धाकट्या भावाला बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कळवला आणि तो कागदावर लिहून घ्यायला लावला. अम्मीला हे सगळे जरा जास्तच वाटले, पण कागद तिने अजून काढलेला नाही.

राहता राहिली त्या रात्रीची गोष्ट. फोन तुटल्यावर फुफीने काय केले? मुलीला गोधडीत गुंडाळून तिने शेजारचे दार ठोठावले. तिथे मीरपूरहून आलेली एक म्हातारी खाला एकटी राहत असे. ओळख फक्त सलामापुरती. खालाने दार उघडले, मुलीला हीटरजवळ निजवले आणि आपला तारेचा फोन फुफीच्या हातात दिला. तोच ०८०० चा नंबर, या वेळी एक पैसाही न लागता पंचवीस मिनिटांनी लागला. पहाटे माणूस येऊन मीटर बदलून गेला.

"त्या दिवसापासून मी दोन गोष्टी बघते," फुफी म्हणाली. "नंबर कशाने सुरू होतो, आणि शेजारी कोण राहते."