तारेत ओवलेलं औषध

हाडांसाठीचं सिमेंट कालवलं की ऑपरेशन थिएटरभर उग्र वास सुटतो, नेलपॉलिशची बाटली सांडल्यासारखा. नाशिकला 31 वर्षं थिएटर सिस्टर होते, पण त्या वासाची सवय काही झाली नाही. 40 ग्रॅम सिमेंटची पावडर, तीत व्हँकोमायसिनची पूड, वरून द्रव. मळता मळता गोळा तापायला लागतो. ती धग सोसणारीच अँटिबायोटिक्स इथे चालतात. मग जंतुसंसर्ग झालेल्या हाडात ठेवण्यासाठी वाटाण्याएवढे मणी वळून भराभर स्टीलच्या तारेत ओवायचे. थोडं रेंगाळलं की हातात दगड. गजरे करणाऱ्या बाईला हे काम सर्जनपेक्षा चांगलं जमेल, असं माझं ठाम मत आहे.

हे सिमेंट म्हणजे कवळीच्याच जातीचं अ‍ॅक्रिलिक. 1970मध्ये हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स आणि एंगेलब्रेख्त यांनी त्यात जेंटामायसिन मिसळल्याचं प्रसिद्ध केलं. मणी केले ते क्लेम या जर्मन सर्जननी.

“सिस्टर, एवढी सलाइनं लावली, आता हे कशाला?” नातेवाईक विचारायचे. मी त्यांना पाण्याच्या टाकीची आतली बाजू आठवायला सांगायची. हाडात बसवलेल्या रॉडवर, प्लेटवर जंतू तसाच बुळबुळीत थर धरतात आणि त्याखाली दडून बसतात. धातूत रक्त फिरत नाही, मेलेल्या हाडातही नाही. मग शिरेतून दिलेलं औषध तिथं पोचणार कसं? डोस वाढवावा तर किडनी आणि कानांना धोका. मणी मात्र जागच्या जागी इतकं औषध सोडतात, की तेवढं रक्तात झेपलंच नसतं.

अर्थात आधी सर्जननी मेलेलं हाड खरवडून, लिटरच्या लिटर सलाइननं जखम धुतलेली हवी. त्यात कुचराई झाली तर मणी व्यर्थ.

मणी मोजून घालायचे, मोजून काढायचे. एका काकांच्या नडगीतून 27 निघाले, कागदावर 28! सर्जन टाके घालेनात. सिमेंटमध्ये बेरियम असतं म्हणून एक्स-रेत एक पांढरा ठिपका दिसला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आता प्लॅस्टरच्या जातीचे विरघळणारे मणीही मिळतात. ते काढावे लागत नाहीत, पण जखमेतून काही दिवस पाणी झिरपू शकतं आणि घरचे त्याला पू समजून घाबरतात.

एक विनंती. जुनी जखम पाझरायला लागली तर मेडिकलमधून गोळ्या आणून सुरू करू नका. नमुना घेण्याआधीच गोळ्या पोटात गेल्या, तर लॅबमध्ये पुष्कळदा जंतू उगवतच नाही आणि सिमेंटमध्ये कुठलं औषध कालवायचं ते कळत नाही. आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना जखम दाखवा.