गालातला खर्रा आणि पेशीतले मुकादम

पवनी तालुक्यातले आसगाव असो की भंडारा जिल्ह्यातले दुसरे कुठलेही गाव, पानठेल्यावर खर्रा घोटून घेणारी मंडळी सकाळपासून दिसतात. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटला जातो आणि मग तो बराच वेळ गालात धरला जातो. तंबाखूने कर्करोग होतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नोंदवला आहे. गालाच्या आतल्या पेशीत अशा वेळी नेमके काय बिघडते, याचा शोध आता एका अनोख्या रेणूपर्यंत पोहोचला आहे.

पेशीतल्या डीएनएची नक्कल म्हणजे आरएनए आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होते, हे शाळेत शिकवले जाते. पण माणसाच्या डीएनएत प्रथिनांची कृती सांगणारा भाग जेमतेम दोन टक्के असतो. उरलेल्या भागातले पुष्कळसे अनेक वर्षे अडगळ समजले गेले. प्रत्यक्षात तिथूनही हजारो प्रकारचे आरएनए तयार होतात. त्यातले जे २०० पेक्षा जास्त घटकांचे असतात आणि प्रथिन बनवत नाहीत, त्यांना ‘लाँग नॉन-कोडिंग आरएनए’ म्हणतात.

प्रथिने ही पेशीतले मजूर असतील, तर हे रेणू मुकादम आहेत. कोणते जनुक चालू ठेवायचे, कोणते बंद करायचे, पेशीने कधी दुभंगायचे आणि कधी थांबायचे, यावर त्यांचा वचक असतो. कर्करोगात हाच वचक बिघडतो. ‘हॉटएअर’ नावाचा रेणू २००७ मध्ये सापडला. जनुकांना कुलूप लावणाऱ्या प्रथिनांना तो ठरावीक जागी नेतो. स्तनाच्या ज्या गाठींत त्याचे प्रमाण फार वाढलेले असते, त्या शरीरात इतरत्र पसरण्याचा धोका अधिक असतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. ‘मेग३’ हा रेणू याच्या उलट, वाढीला ब्रेक लावणारा. अनेक कर्करोगांत तोच गप्प झालेला आढळतो.

गाल आणि हिरडीचा कर्करोग भारतात अधिक आढळतो. म्हणून खारघरचे ‘ॲक्ट्रेक’ हे टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र आणि पश्चिम बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जीनोमिक्स संस्था यांनी एकत्र येऊन अशा ५० रुग्णांच्या गाठींतले जनुकीय बदल तपासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात मुख्यतः प्रथिने बनवणारा भाग वाचला गेला. मुकादमांचा हिशेब लावणे हे त्यापुढचे काम आहे. त्याच वर्षी चीनमधील संशोधकांना तोंडाच्या कर्करोगाच्या मोजक्या रुग्णांच्या लाळेतही ‘हॉटएअर’ आणि ‘मॅलॅट१’ हे रेणू मिळाले. उद्या लाळेवरून निदान होऊ शकेल, ही आशा त्यातूनच आली.

अशी चाचणी अशक्य नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ‘पीसीए३’ या रेणूवर आधारित लघवीच्या चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. मात्र घाईही नको. ‘मॅलॅट१’ कमी केल्यावर उंदरांमधील स्तनाच्या गाठींची वाढ मंदावते, असे २०१६ मध्ये दिसले. तर तो गाठ पसरण्याला आळा घालतो, असे २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात आढळले. एकच रेणू मित्र की शत्रू, हे ठरत नाही तोवर त्यावर औषध बेतणे जोखमीचे आहे. त्यामुळे ‘आरएनए चाचणीने तोंडाचा कर्करोग लगेच कळेल’ अशा जाहिरातीला कुणी भुलू नये.

तोंडाच्या बाबतीत एक मोठी सोय आहे: ते डोळ्यांनी पाहता येते. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी घटले. त्यासाठी कुठलीही महागडी यंत्रणा लागली नाही.

दोन-तीन आठवड्यांत न भरणारे तोंडातले फोड किंवा जखम, पांढरा वा लाल चट्टा, तिखट फार झोंबणे, गालात गाठ लागणे, तोंडात तीन बोटे उभी न जाणे, यातले एकही लक्षण दिसले तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तोंड दाखवून घ्यावे. तिशी ओलांडलेल्यांची तोंड तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. पेशीतल्या मुकादमांना वठणीवर आणायला विज्ञानाला अजून वेळ लागेल. गालातला खर्रा थुंकून टाकायला मात्र एवढे थांबावे लागत नाही.